अनोळखी ओंडका खरादावर चढवण्याआधी



गेल्या खेपेला आपण धुऱ्यावरच्या झाडांच्या छाटणीविषयी बोललो. या खेपेला त्याच झाडांच्या लाकडाविषयी बोलू, कारण दिवस तसे आहेत. मृगाच्या वादळात जी झाडे उन्मळून पडली, त्यांचे ओंडके आता गावोगाव अंगणात, खळ्यात पडून आहेत. पोळा तोंडावर आला आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या नागपूरकडे तान्हा पोळा भरतो, पोरे लाकडी बैल सजवून मिरवतात. त्या बैलांची चाके कातून देणाऱ्या खराद्याला या महिन्यात उसंत नसते. त्यातच लाटणी, पोळपाट, रव्या, भवरे, बाजेचे खूर यांचीही मागणी असतेच.

अशा दिवसांत आमच्या कार्यालयात एक प्रश्न हमखास येतो. कोणी पिशवीतून लाकडाचा तुकडा काढून टेबलावर ठेवतो आणि विचारतो, "साहेब, हे लाकूड कायचं हाय जी?" सागवान, बाभूळ, आंबा, चिंच आपल्या माणसाला विचारावी लागत नाही. प्रश्न येतो तो बाहेरून आलेल्या झाडांचा. निलगिरी, सुबाभूळ, सिल्व्हर ओक, रेन ट्री, महोगनी, काशीद, गुलमोहर, ऑस्ट्रेलियन बाभूळ ही सारी परमुलखातली मंडळी. कोणी सावलीसाठी लावली, कोणी सरपणासाठी, कोणी नुसत्या शोभेसाठी. ती उभी होती तोवर कोणी नाव विचारले नाही. आडवी झाली आणि सगळ्यांना नाव हवे झाले.

नाव कशाला हवे, खरादावर चढवले की दिसेलच कसे कातले जाते ते, असे काही जण म्हणतात. त्यांना माझे सांगणे असे की, लाकूड चांगले कातले जाते म्हणून ते पोटाला, कातडीला आणि कायद्याला चालते असे नाही. लाटणे रोज कणकेला लागते. भवरा आणि बैलाचे चाक लहान लेकरू तोंडात घालते. पेल्यातले पाणी माणूस पितो. तेव्हा जी वस्तू तोंडापर्यंत जाणार, तिचे लाकूड नावानिशी ओळखीचे असले पाहिजे.

कोणत्या लाकडाला जपावे

आधी घरचीच उदाहरणे घेऊ. कण्हेरीचे पान, फूल, साल, लाकूड यांपैकी काहीही पोटात गेले तर हृदयावर परिणाम करणारे विष आहे. तिचे खोड बारीक, सरळ, कातायला सोपे, म्हणून कोणी त्याची रवी किंवा खेळण्याचा दांडा करायला जातो. करू नये. बिब्याचा चीक अंगाला लागला की फोड येतात, हे आपल्या आयाबायांना ठाऊक आहे. तोच चीक ताज्या लाकडातही असतो. आपल्या पेंचच्या रानातला भेरा, ज्याला काही गावांत भिर्रा म्हणतात, त्याचे लाकूड पिवळे, रेशमासारखे चमकणारे आणि खरादावर देखणे निघते. पण त्याच्या भुशाने काही माणसांच्या अंगावर पुरळ उठतो व खाज सुटते. ही आपल्या रानातली, ओळखीची झाडे. अनोळखी झाडाच्या पोटात काय आहे हे तर मुळीच सांगता येत नाही.

भुशाची गोष्ट आणखी वेगळी. लाकूड कोणतेही असो, त्याची बारीक भुकटी वर्षानुवर्षे नाकात जाणे वाईटच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातली. हा रोग नाकात आणि नाकालगतच्या पोकळ्यांत होतो. म्हणून खरादावर बसताना नाकातोंडाला मास्क बांधावा. मास्क नसेल तर निदान ओला दुपट्टा तरी घ्यावा. शेजारी लेकरे बसवू नयेत.

तोडलेल्या झाडाखेरीज आणखी दोन वाटांनी अनोळखी लाकूड गावात येते. एक म्हणजे यंत्रांच्या आणि मालाच्या लाकडी खोक्यांतून. परदेशी खोक्याच्या फळीवर गव्हाच्या ओंबीसारखे चित्र व काही अक्षरे डागलेली असतात. त्यात इंग्रजी 'एचटी' असेल तर ते लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेले असते. 'एमबी' असेल तर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. 'एमबी'ची फळी स्वयंपाकाच्या वस्तूला वापरू नये. 'एचटी'च्या खोक्यातही काय माल आला आणि त्यावर काय सांडले हे आपल्याला कळत नाही, म्हणून तीही चुलीजवळच्या वस्तूला न वापरलेली बरी. दुसरी वाट म्हणजे रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर. कुजू नयेत म्हणून त्यांत क्रिओसोट हे डांबरी तेल मुरवत असत. त्याचा वास वर्षांनीही जात नाही. असे लाकूड खरादावर चढवू नये आणि चुलीतही घालू नये.

रंगावर जाऊ नये

आता ओळखायचे कसे? पहिली सूचना अशी की, रंगावरून नाव ठेवू नये. आपल्याकडे लाकूड तांबूस दिसले की कोणी महोगनी म्हणतो, काळसर दिसले की शिसम म्हणतो, तपकिरी दिसले की अक्रोड. रंग तर ऊन लागले की बदलतो, तेल लागले की बदलतो, झाडाच्या वयाप्रमाणे बदलतो. एकाच झाडात गाभ्याचा रंग एक आणि सालीलगतच्या कच्च्या लाकडाचा दुसरा असतो.

याच उन्हाळ्यानंतरची गोष्ट सांगतो. पेंच नदीकाठच्या एका गावातील खराद्याने ठेकेदाराकडून एक जाड ओंडका घेतला. एका जुन्या मालगुजारी वाड्याच्या आवारातले झाड वादळात पडले होते, त्यातला तो. गाभा चॉकलेटी, त्यात गडद रेषा, कडेला पिवळसर पांढरा पट्टा. दिसायला फार सुंदर. ठेकेदाराने अक्रोड म्हणून भाव लावला. गावातला सुतार म्हणाला, हा काळा शिसम. एका मास्तरांनी महोगनी सांगितले. खराद्याकडे एका महिला बचत गटाची लाटणी-पोळपाटाच्या जोड्यांची मागणी होती, आगाऊ रक्कम घेतलेली होती. पहिलेच लाटणे कातताना त्याला शिंकांवर शिंका आल्या, तेव्हा तो तुकडा घेऊन आला. तीन माणसे, तीन नावे आणि एक ओंडका. आपण तो पायरीपायरीने कसा ओळखला ते पाहा, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हाला तुमच्या घरीच करता येईल.

ओंडक्याचे तोंड वाचावे

लाकडाची ओळख त्याच्या फळीवर नसते, ती ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर असते. पण करवतीने कापलेले तोंड खरबरीत असते, त्यावर काही दिसत नाही. दाढीच्या पात्यासारखा धारदार चाकू किंवा पटाशी घ्यावी, तोंडाचा नखाएवढा भाग एका झटक्यात तासून गुळगुळीत करावा, त्यावर पाण्याचे बोट फिरवावे आणि उन्हात धरून भिंगातून पाहावे. दहा पटीने मोठे दाखवणारे भिंग पुरे. सोनार, घड्याळजी वापरतात तसले. शेतकऱ्याच्या घरी ते असावेच, कपाशीवरचा तुडतुडा आणि मावा पाहायलाही उपयोगी पडते.

भिंगातून पहिल्याने छिद्रे शोधावीत. झाड मुळातून पाणी वर नेते त्या नळ्यांची ही तोंडे. छिद्रे मुळीच दिसत नसतील तर ते लाकूड चीड, देवदार यांच्या कुळातले. खोक्यांच्या फळ्या बहुधा असल्याच असतात, त्यांना राळेचा वास येतो. छिद्रे असतील तर ती कशी मांडली आहेत ते पाहावे. सागवानात दर वर्षाच्या वाढीच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग असते, ती गोल कड्यासारखी फिरते, आणि ताज्या कापाला चामड्यासारखा वास येतो. हाताला थोडे तेलकटही लागते. अक्रोडात छिद्रे वर्षाच्या सुरुवातीला मोठी आणि पुढे हळूहळू लहान होत जातात. हळदूची छिद्रे इतकी बारीक की भिंगावाचून दिसतच नाहीत.

दुसऱ्याने छिद्रांभोवतीचे फिकट लाकूड पाहावे. शिसमात छिद्रांना जोडत जाणाऱ्या बारीक, नागमोडी फिकट रेषा दिसतात. महोगनीत वाढीच्या शेवटी कंपासाने काढावी तशी बारीक फिकट रेघ गोल फिरलेली असते. काशिदाच्या तोंडावर गडद आणि फिकट पट्टे जवळजवळ सारख्या रुंदीचे, आळीपाळीने असतात.

तिसऱ्याने गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या रेषा पाहाव्यात. सिल्व्हर ओक आणि सुरू यांच्यात या रेषा रुंद असतात. ओंडका मधोमध उभा चिरला तर फळीवर त्यांचे चकाकणारे ठिपके उठतात.

चौथ्याने फळीचा सालीकडचा उभा पृष्ठभाग तिरप्या उजेडात पाहावा. शिसम आणि बिजा यांच्यावर वाळूत पाण्याच्या लाटांनी उठाव्यात तशा अगदी बारीक आडव्या लहरी दिसतात.

आमच्या ओंडक्यात काय दिसले? छिद्रे मोठी, साध्या डोळ्यालाही दिसतील एवढी, सगळीकडे विखुरलेली. तेव्हा अक्रोड गेले. महोगनीसारखी सलग गोल रेघ नाही. तेव्हा महोगनीही गेली. आडव्या लहरी नाहीत, नागमोडी रेषा नाहीत. शिसमही गेला. मात्र प्रत्येक छिद्राभोवती फिकट रिंगण होते, पावसाळ्यात चंद्राला खळे पडते तसे. ही शिरसाच्या कुळाची खूण. आपला शिरस, काळा शिरस, रेन ट्री यांच्यात ती सापडते. ओंडक्याचे कूळ कळले, आता नाव राहिले.

पाण्यात तोलावे

येथे वजन कामी येते. ही परीक्षा अगदी सोपी आहे. गाभ्याच्या पूर्ण वाळलेल्या लाकडाची दहा इंच लांब, सगळीकडे सारख्या जाडीची कांडी करावी. तिच्यावर इंचाइंचाला खुणा कराव्यात. उंच, अरुंद भांड्यात पाणी घेऊन कांडी उभी सोडावी, बोटांनी नुसती सरळ धरावी, दाबू नये. किती इंच बुडाली ते लगेच पाहावे, कारण वेळ गेला की लाकूड पाणी पिते. दहापैकी जेवढे इंच बुडेल तेवढे दशांश ते लाकूड पाण्याच्या मानाने जड. सावर तीन-साडेतीन इंच बुडते. शिवण पाचाच्या आसपास. सागवान साडेसहाच्या जवळ. बाभूळ आठाच्या जवळ. अंजन तर सरळ तळाला जाते, आपल्या देशातल्या सर्वांत जड लाकडांत त्याची गणना आहे. थोडा कमीअधिक फरक जमिनीने आणि वयाने पडतोच.

आमची कांडी साडेपाच इंच बुडाली. शिरस सहसा याहून जड असतो. मग शेवटची पायरी म्हणून वाड्यावर जाऊन पडलेल्या झाडाचे शेंडे पाहिले. पाने संयुक्त, दलांच्या जोड्या तिरप्या. वाड्यावरच्या गड्याने सांगितले की संध्याकाळी आणि आभाळ आले की पाने मिटून जायची. बुंध्याशी जुन्या शेंगा पडल्या होत्या. काळ्या, जाड, आत चिकट गोड गर असलेल्या. गुरे त्या आवडीने खात. शिरसाची शेंग चपटी, कागदासारखी, गवती पिवळी असते आणि वाऱ्याने खुळखुळते. येथे शेंगेने निकाल दिला. झाड रेन ट्री, म्हणजे विलायती शिरस. मूळचे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले, एकोणिसाव्या शतकात सावलीसाठी आपल्या देशात आणलेले.

आता नाव कळल्याचा उपयोग पाहा. रेन ट्रीचे लाकूड टाकाऊ नाही. हवाई बेटांवर आणि फिलिपीन्समध्ये त्याच्या कातीव वाट्या व परड्या प्रसिद्ध आहेत. हे लाकूड वाळताना फार कमी आकसते, म्हणून ओले असताना कातले तरी फारसे वाकत नाही. हा गुण थोड्याच लाकडांत असतो. पण त्याचा भुसा नाकाला झोंबतो, आणि छिद्रे मोठी असल्याने लाटण्यात कणीक अडकून राहते. बचत गटाची लाटणी त्यातून करणे बरोबर झाले नसते. खराद्याने लाटणी हळदूची केली. रेन ट्रीच्या सुक्या मेव्याच्या परड्या आणि कुंकवाच्या डब्या कातल्या, त्याही विकल्या गेल्या. अक्रोडाचा भाव मात्र ठेकेदाराला कमी करावा लागला. सगळा खर्च एका भिंगाचा आणि अर्ध्या दिवसाचा.

बिजाचा पेला आणि रक्तचंदनाची हाव

दोन लाकडांविषयी वेगळे सांगायला हवे, कारण त्यांच्या नावावर फसवणूक फार चालते.

पहिले बिजा. याच्या कातीव पेल्यात रात्री पाणी ठेवून सकाळी पितात, मधुमेहाला चांगले म्हणून बाजारात पेले विकले जातात. खऱ्या बिजाची परीक्षा घरी होते. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन गाभ्याची थोडी साळपे टाकावीत. थोड्या वेळाने पाणी पिवळसर तपकिरी होते, आणि ग्लास काळ्या कापडापुढे उन्हात धरला तर पाण्यावर निळसर झाक मारते. झाक नसेल तर तो पेला बिजाचा म्हणून घेऊ नये, आणि खराद्याने तसा विकूही नये. लोक त्यातले पाणी पितात, हे विसरू नये. खरा पेला मिळाला तरी डॉक्टरांची गोळी बंद करू नये. साखर तपासत राहावी.

दुसरे रक्तचंदन. त्याचे मूळ रान आंध्रातल्या पूर्व घाटाच्या दक्षिण भागात आहे. बिजा हा त्याच्याच कुळातला भाऊ, सालीला खाच पाडली की लाल डिंक गळतो, म्हणून आपल्याकडे बिजालाच कोणी रक्तचंदन समजतो. रक्तचंदनाचा वाळलेला गाभा इतका जड की बहुधा पाण्यात बुडतो, बिजाचा तरंगतो. २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे पुसद तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबाचे प्रकरण आले. रेल्वेमार्गासाठी जमीन गेली, तीत एक जुने झाड होते, ते रक्तचंदनाचे म्हणून मोबदल्याची मागणी होती. रेल्वेने न्यायालयात एक कोटी रुपये जमा केले, त्यातले पन्नास लाख काढायची मुभा मिळाली, आणि झाडाचे मूल्यांकन व्हायचे ठरले. त्या खटल्याचा निवाडा करणे आपले काम नाही. आपण एवढेच ध्यानात घ्यावे की, एका झाडाच्या नावावर केवढा व्यवहार उभा राहतो. असे नाव गावच्या चावडीवर ठरत नाही. त्याला तज्ज्ञाची लेखी ओळख लागते. तुमच्या शेतात येऊन कोणी "हे रक्तचंदन हाय, लाखाचं हाय" म्हणाला, तर त्याला आगाऊ पैसे देऊ नका आणि झाडाला कुऱ्हाडही लावू नका.

नाव आणि कागद

कायद्याची बाजूही नावावरच उभी आहे. आपल्या राज्यात १९६४ चा झाडे तोडण्याचे नियमन करणारा कायदा आहे. त्याच्या यादीत सागवान, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, अंजन, जांभूळ, हिरडा अशी झाडे आहेत. झाड तुमच्या स्वतःच्या शेतात असले तरी ती तोडायला आधी परवानगी लागते. लाकूड वाहून नेताना काही जातींना वाहतूक परवाना लागतो, काहींना सूट आहे. तेव्हा हळदू घेतले तर कोणाकडून, कोणत्या परवान्यावर, हे खराद्याने विचारावे आणि कागदाची प्रत जवळ ठेवावी. अनोळखी लाकूड स्वस्तात मिळते तेव्हा ते स्वस्त का आहे, हेही विचारावे. शंका असल्यास वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन चौकशी करावी. तेथील वनरक्षकाला रानातली बहुतेक झाडे तुमच्या-आमच्यापेक्षा चांगली ठाऊक असतात.

भिंगाने काम भागले नाही तर पुढची दारे आहेत. १९०६ साली स्थापन झालेली डेहराडूनची वन अनुसंधान संस्था आणि बंगळुरूची काष्ठविज्ञान व तंत्रज्ञान संस्था येथे लाकडाची शास्त्रीय ओळख होते. तेथे हजारो नावानिशी नमुन्यांशी तुमचा तुकडा ताडून पाहतात. आधी पत्राने शुल्क विचारावे. मग वीतभर लांब, चार बोटे रुंद, दोन बोटे जाड असा निरोगी तुकडा पाठवावा, त्यात गाभा आणि कडेचे कच्चे लाकूड दोन्ही असावे. सोबत झाड कोठे होते, केवढे होते, हे लिहावे. पाने, फूल, शेंग मिळाली तर वर्तमानपत्रात दाबून, वाळवून पाठवावी.

लाकूड किती बोलते याचा एक दाखला सांगतो. अमेरिकेत १९३२ साली लिंडबर्ग या विख्यात वैमानिकाचे तान्हे मूल पळवून मारण्यात आले. पळवणाऱ्याने मागे टाकलेली लाकडी शिडी आर्थर कोहलर या लाकूडतज्ज्ञाकडे दिली. त्याने तिच्या फळ्यांची जात ओळखली, रंधायंत्राच्या खुणांवरून ती कोणत्या गिरणीत तासली गेली आणि कोणत्या वखारीत विकली गेली याचा माग काढला. पुढे शिडीची एक फळी संशयिताच्या माळ्यावरच्या फळीशी वर्षाच्या कड्यांनिशी जुळली. १९३५ च्या खटल्यात ही साक्ष फार महत्त्वाची ठरली. पाहणारा असला की ओंडका मुका राहत नाही.

आता काय करावे

सर्वांत सोपा उपाय झाड उभे असतानाचा आहे. तुमच्या धुऱ्यावर, वाडीत, विहिरीजवळ जी परकी झाडे आहेत त्यांची नावे याच पावसाळ्यात, पाने-फुले अंगावर असताना विचारून घ्या. एका वहीत झाडाची जागा, लावल्याचे साल आणि नाव लिहा. शाळेतल्या पोरांना हे काम द्या, ती आनंदाने करतील. झाड पडले किंवा तोडले तर ओंडक्याच्या दोन्ही तोंडांवर रंगाने नाव आणि महिना टाका. तोंडांना मेण किंवा जुना तेलरंग लावा, म्हणजे ती तडकणार नाहीत. ओंडके सावलीत, जमिनीपासून वर, खाली लाकडे घालून रचा.

खरादी बंधूंनी एवढे पाळावे. स्वयंपाकाच्या आणि लेकरांच्या वस्तूंना नावाने ओळखीचे लाकूडच घ्यावे. त्यासाठी परमुलखात जायला नको. चन्नपट्टणची रंगीत खेळणी देशभर विकली जातात. ती पिढ्यानुपिढ्या ज्या पांढऱ्या, बारीक लाकडावर झाली, ते आपल्या रानातल्या काळ्या कुड्याचेच लाकूड. हळदू, कळंब, शिवण, आंबा ही आपली लाकडेही खरादाला चालतात. रंगासाठी लाख वापरावी. फिरत्या वस्तूवर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उबेने ती पसरते आणि चमक येते. डब्यातला हवा तो तेलरंग खेळण्याला देऊ नये. अनोळखी लाकूड फारच देखणे असेल तर त्याचे दिव्याचे खांब, फुलदाण्या, दाराच्या मुठी करा, आणि कातताना तोंड बांधा. गिऱ्हाइकाने विचारले तर "नाव ठाऊक नाही" असे सरळ सांगा. त्याने एखादा सौदा जाईल, पण गिऱ्हाइकाचा भरवसा जाणार नाही.

आणि एक जुनी खोड सोडा. लाकूड ओळखायला काही जण त्याची साळपी दाताखाली धरून चव पाहतात. कण्हेर आणि बिबा ज्या मुलखात आहेत त्या मुलखात असे करणे शहाणपणाचे नाही. डोळा, भिंग, पाणी आणि शेंग एवढ्यावर बहुतेक लाकडे ओळखता येतात.

मायबहिणींनाही एक विनंती. बाजारात लाटणे घेताना भाव करता, तसे लाकडाचे नावही विचारा. दहा जणींनी विचारले की अकराव्या वेळी विकणारा ते आधीच सांगेल. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल घेताना तर नक्की विचारा, कारण तो बैल मिरवून झाल्यावर त्याची चाके कोणाच्या तोंडात जाणार आहेत हे तुम्हाला ठाऊकच आहे.

पुढच्या खेपेला पावसाळी साठवणुकीत बियाण्याला लागणाऱ्या बुरशीविषयी बोलू. तोवर कोणाला लाकडाचा तुकडा दाखवायचा असेल तर त्याने तोंड तासून, पानाशेंगेसह आणावा.